तिथीची पाऊणपट

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला ऐरोलीला निघालेली माणसं दुर्बीण घेतात, टोपी घेतात, पाण्याच्या दोन बाटल्या घेतात. कधी निघायचं, हे मात्र रविवार बघून ठरवतात. ठाण्याच्या खाडीत रविवारला कोण विचारतं! तिथे चालतो तो कॅलेंडरातला बारीक छापलेला तिथीचा आकडा.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. आठ पाऊण सहा, म्हणून अष्टमीची भरती सहाला. पौर्णिमेची सव्वाअकराला. हिशेब किंचित कच्चा आहे. तिथीमागे 48 मिनिटं हवीत, आपण 45 धरतो. तीन-तीन मिनिटांची ही उधारी पौर्णिमेपर्यंत पाऊण तासावर जाते, म्हणून त्या दिवशी सरळ बारा धरावेत. शिवाय ऐरोली खाडीत बरीच आत, तिथे पाणी आणखी थोडं रेंगाळत पोचतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला भर दुपारी पाणी खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांत शिरतं. गाळ बुडाला की रोहितांचं ताट उचललं गेलं. ते नवी मुंबईच्या तळ्यांवर जाऊन एका पायावर झोपा काढतात. पूर्ण ओहोटीही कामाची नाही. पक्षी पाण्याच्या कडेकडेने लांब सरकतात आणि बोट चिखलात रुतायची भीती. भरती ओसरू लागल्यावर दोन-तीन तासांनी गाळ नुकता उघडा पडतो, तेव्हा गाठावं. चोच उलटी धरून गाळ गाळणं तेव्हा जवळून दिसतं. गडद चोचीचा बुटका तो छोटा रोहित, मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगणारा. उंच, गुलाबी चोचीला काळं टोक असलेला तो मोठा, त्याला कोळंबीच्या जातीचे बारके जीवही चालतात. गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो.

2015 मध्ये खाडीच्या या भागाचं अभयारण्य झालं, 1690 हेक्टरांचं. त्यातलं 896 हेक्टर कांदळवन, बाकीचं 794 हेक्टर चक्क पाणी. 2022 मध्ये ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आलं. तिवराची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं चिखलातून वर डोकावतात, कारण खाली हवा नसते. नेमक्या त्यांच्यावरच शहरातून वाहत आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टोपीसारख्या बसतात.

एकादशीला भरती नऊच्या सुमारास, म्हणजे गाळ अकरा-बाराला उघडा. वेळ झकास. डब्यात मात्र साबुदाण्याची खिचडी, आणि ती गारच खावी लागते.