नको असेल ते

दिवाळीची आवराआवर काढली. लोखंडी कपाट उघडलं तर वरच्या कप्प्यातून तीन शर्ट थेट डोक्यावर. अर्ध्या तासात पोतं भरलं आणि मी 'माणुसकीच्या भिंती'कडे निघालो. आई दारातच शेंगा फोडत बसलेली.

"कुठं निघालास रे पोतं घेऊन?"

"जुने कपडे आहेत. भिंतीवर नेऊन टाकतो."

"बघू."

झालं. पोतं फरशीवर पालथं. पहिलाच हातात आला तो माझा निळा शर्ट, दोन बटणं गायब. "हे देणार व्हय? अन् बटणं कोण लावणार, भिंत?"

ही भिंत मूळची इराणची. २०१५ च्या हिवाळ्यात तिकडं मशहद शहरात कुणीतरी भिंतीला खुंट्या ठोकल्या आणि बघता बघता ती कल्पना आमच्या लातुरापर्यंत आली. 'नको असेल ते द्या, हवे असेल ते घेऊन जा.' वाक्य चांगलंय, पण पहिला अर्धा भाग आम्ही फारच मनावर घेतला. मागच्या खेपेला तिथं एका खुंटीवर एकच मोजा लटकत होता.

आमच्या लहानपणी घरात 'नको असेल ते' असं काही नसायचंच. नऊवारी विरलं की त्याची वाकळ, धोतराची बाळाला दुपटी, दुपट्याचं गाळणं, आणि सगळ्यात शेवटी चुलीपाशी पोतेरं. त्यातूनही एखादी जरीची साडी उरली तर भांडेवाली. ती बाई साडी उन्हात धरून एकेक भोक मोजायची. पॅन्टीची चेन वरखाली करून बघायची, मगच टोपल्यातल्या डब्याला हात लावू द्यायची. आई तासभर हुज्जत घालायची, पण तिच्यापुढं फाटकं ठेवायची हिंमत नव्हती. भिंत बिचारी काहीच तपासत नाही.

आमची एक काकू औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसं झोपलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि तिचं घर बसलं. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना शहराकडून कपड्यांची गाठोडी आली. नेसायला लुगडं नाही आणि गाठोड्यात काय, तर तंग जीन्स आणि झालरीचे फ्रॉक. काकूनं जीन्स उसवून वाकळ शिवायला घेतली, तर सुई मोडली. मग दाभण आणलं. ती वाकळ अजून आहे, इतकी जड की पांघरली तर कूस बदलता येत नाही. काकू हसून सांगते, "देणाऱ्यानं आमच्याकडं बघून नाही, कपाटाकडं बघून दिलं बघ." १९९९ मध्ये सुरू झालेली 'गूंज' संस्था आलेले कपडे निवडून, वेगळे करून मगच पुढं धाडते, सुती कापडाचे पाळीसाठी पॅड करते, हे मी काकूला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांच्यात कुणीतरी बाई असणार."

तर आईनं पोत्याचे तीन ढीग केले. घालण्याजोगे, वाकळेचे आणि पुसायचे. घालण्याजोगे धुवायला टाकले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा अंगावरचे कपडेसुद्धा आम्ही दोन-दोन दिवस धूत नव्हतो. तेव्हापासून या घरात बादलीभर पाणी दुसऱ्याच्या नावानं खर्चणं म्हणजे लहान गोष्ट नाही. वाळल्यावर इस्त्री झाली. मग चष्मा लावून आईनं तिच्या डब्यातून बटणं शोधली. एक निळं मिळालं, दुसरं जरा आकाशी, ते खाली, पॅन्टीत खोचलं जाईल तिथं लावलं.

शनिवारी अकरा कपडे भिंतीवर गेले. मोजून बारा होते. निळा शर्ट इतका झकास दिसत होता, की सध्या तो माझ्याच अंगावर आहे.