तुम्ही विचारलंत म्हणून: बायकोने सलॉन का सोडलं

‘वहिनींनी नोकरी का सोडली हो? काय हात होता!’ सोसायटीत, लग्नात, परवा तर डेअरीसमोर. त्यातला न विचारलेला भाग पण कळतो मला, सासूने बसवलं असणार. नाही बसवलं. आईला तिचं नाव अजून नीट म्हणता येत नाही म्हणून ती सूनबाई म्हणते, आणि सूनबाई करते त्या पातळ पालेभाजीला मिझोत ‘बाइ’ म्हणतात, ह्यावर आमच्याकडे शंभरदा हसून झालंय. नोकरीबद्दल आई चकार शब्द बोललेली नाही. (वासाबद्दल बोललीय. ते नंतर कधीतरी.)

आणि ती मिझोरममधल्या ऐझॉलची आहे. चायनीज नाही, नेपाळी नाही.

विमाननगरच्या एका सलॉनमध्ये आठ वर्षं होती. पगार २२ हजार, त्यातून राहण्याचे साडेचार कापायचे, कारण ईशान्येकडच्या मुलींना मालक एकाच फ्लॅटमध्ये ठेवायचा. ठीक आहे. पण लग्न होऊन ती कर्वेनगरला आमच्याकडे आली तरी कापणं चालूच, चौदा महिने! आणि जिला केराटिन (केस मऊ-सरळ करायची ट्रीटमेंट) हिनेच शिकवलं त्या आपल्या मराठी मुलीला २६. हिने विचारलं की ‘बघतो’.

मग मी गेलो. तिथेच माती खाल्ली.

मालकाने केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, आडनाव ऐकून ‘मूळचे साताऱ्याचे का?’ सुरू. मग म्हणाला, ‘दादा, तुम्ही आपले म्हणून सांगतो, ही माणसं ख्रिसमसला गेली की परत येतील ह्याचा भरवसा नाही. २०१२ला बघितलं ना, अफवा आली की चालले स्टेशनवर. कशाच्या जोरावर पगार वाढवू?’ ही शेजारच्याच खुर्चीत. तिला मराठी सगळं कळतं, आईशी भांडते ती मराठीतच. आणि मी काय केलं, तर मान डोलावली, ‘खरंय’ म्हणालो, चहा प्यायलो. काम व्हायला हवं होतं ना. झालं पण, दहा मिनिटांत. पुढच्या महिन्यापासून कापणं बंद, मागचे ६३ हजार विसरा.

पार्किंगमध्ये ती म्हणाली, ‘बाकीच्या मुलींनी आता मराठी नवरे शोधायचे का?’ गाडी सुरू केली तर पुन्हा, ‘आणि २०१२ला मी गेले नव्हते. तुला माहितीये.’ आसामातल्या दंगलीनंतर पुण्यात त्यांच्याकडच्या पोरांना मारहाण झाली होती, तेव्हा ही कोंढव्यातल्या खोलीत पाच दिवस कडी लावून बसली होती. हे मी केबिनमध्ये बोललो नाही.

महिनाअखेरीला तिने सोडलं.

तेव्हा मी म्हणायचो, वंशबिंश काही नसतं, मालक चिंगूस आहे, सगळ्यांनाच पिळतो. अर्धं अजूनही वाटतं, २६ म्हणजे तरी काय मोठे? पण त्या मुलीला परत येशील का असं कोणी विचारलं नव्हतं. वकील मित्र म्हणाला, १९७६चा समान वेतन कायदा (तेव्हा तोच लागू होता) बाई आणि पुरुष ह्यांच्यातल्या फरकापुरता. इथे दोघी बायकाच.

आणि ती घरी बसलेली नाही हो, कोथरूडमध्ये घरोघरी जाते. परवा एका काकूंनी विचारलं, ‘तुमच्या लोकांचा हात जन्मतःच हलका असतो ना?’ हिने हो म्हटलं आणि दोनशे जास्त घेतले. मी म्हटलं, हे काही बरोबर नाही.

म्हणाली, ‘तू चहा प्यायलास ना?’