जन्मतारीख न विचारणारा वकील

‘मुलगी पंचविशीची आहे, तिचं नाव केसमधून केव्हाच निघालं. लग्न उरकून घ्या. आणि तरी प्रयत्न करायचाच असेल, तर लग्न लावा पण नोंदणी करू नका, कागदोपत्री ती अविवाहितच राहते.’

अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची, म्हणजे तिकडे कायम राहायच्या परवान्याची, वाट बघणाऱ्या चिपळुणातल्या एका कुटुंबाला एका व्हिसा कन्सल्टंटने पैसे घेऊन दिलेला हा सल्ला. यातला पहिला भाग साफ चुकीचा होता आणि दुसऱ्या भागाने त्या मुलीवर जन्मभराची बंदी ओढवली असती. केस अजून संपलेली नाही. घरच्यांना विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

मी चिपळूणला वकिली करते, नोटरीही आहे. माझी सनद महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलची. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात मी कुणाची बाजू मांडू शकत नाही, आणि ते मी येणाऱ्याला आधीच सांगते. माझं काम इकडच्या कागदांचं. पण गुहागर, खेड, दापोलीची माणसं आधी इथेच येतात, त्यामुळे तिकडचा कोणता वकील धरायचा हा प्रश्नही माझ्या टेबलावर येतो.

आपल्याकडे परदेश म्हटलं की आखात, आणि आखाताचा नियम लोकांना पाठ असतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असलेला एजंट, त्याचा नंबर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासायचा, सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी. तोच हिशेब लोक अमेरिकेच्या ग्रीन कार्डालाही लावतात: एजंट गाठायचा, पैसे भरायचे, तो ‘करून देतो’. ग्रीन कार्डाच्या केसमध्ये असा एजंट नसतोच. अर्जदार स्वतः फॉर्म भरतो किंवा कायद्याने अधिकार असलेला प्रतिनिधी त्याचं काम बघतो. ‘खात्रीशीर व्हिसा’ असा बोर्ड लावणारा यातला कुणीच नव्हे. आपल्या बार कौन्सिलचे नियम तर वकिलाला अशी जाहिरातही करू देत नाहीत. तेव्हा असा बोर्ड दिसला की आत बसलेला माणूस वकील नाही, एवढं बाहेरूनच समजून घ्यावं.

आता केस. मुलीची आत्या न्यू जर्सीत राहते, तिकडची नागरिक आहे. तिने २००६ मध्ये भावासाठी आय-१३० पिटिशन, म्हणजे नातेवाइकाला तिकडे बोलावण्याचा अर्ज, भरली. भावंडांच्या या गटाला एफ-४ म्हणतात. त्यात भावाची बायको आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं सोबत येऊ शकतात. भारतीयांसाठी ही रांग इतकी लांब आहे की २००६ च्या अर्जांचा नंबर लागायला जवळजवळ एकोणीस वर्षं गेली. अर्ज भरला तेव्हा बालवाडीतून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी आता नोकरी करते. तिचा साखरपुडा झालेला, मुलगा लोट्याच्या एमआयडीसीत कामाला, मे महिन्यासाठी हॉलसुद्धा धरलेला. तारीख लागून आठ महिने होऊन गेले होते, कारण सूचना आत्याच्या जुन्या ई-मेलवर गेली होती.

वडील माझ्याकडे आले ते वेगळ्याच कामासाठी. त्यांना स्वतःच्या जन्माच्या दाखल्याची नक्कल हवी होती. मी सवयीने मुलांच्या जन्मतारखा विचारल्या आणि पिटिशन मंजूर केव्हा झाली तेही विचारलं. त्यांनी कन्सल्टंटचं म्हणणं सांगितलं. मग मी म्हटलं, ‘काका, लग्नाचं पुढे काही करायच्या आधी मंजुरीचा कागद दाखवा.’

कागद नव्हता. बाजारपेठेतलं घर, ट्रंक तळमजल्यावर, आणि २२ जुलै २०२१ चा पूर. वाशिष्ठीने त्या दिवशी किती घरांचे दाखले, खरेदीखतं, मार्कशीटा नेल्या याचा हिशेब आम्ही इथले वकील अजून करतो आहोत. शेवटी आत्याने तिच्या फायलीतली झेरॉक्स मोबाइलवर पाठवली. आय-७९७ अ‍ॅप्रूव्हल नोटीस. वरच्या बाजूला रिसीट नंबर: तीन अक्षरं, दहा आकडे, पहिली अक्षरं ईएसी, म्हणजे व्हरमाँटचं सेंटर, आणि पुढचे दोन आकडे आर्थिक वर्षाचे. त्याखाली प्रायॉरिटी डेट आणि नोटिशीची, म्हणजे मंजुरीची, तारीख. लोक प्रायॉरिटी डेट जपून ठेवतात, कारण रांगेतला नंबर तिच्यावर ठरतो. मुलांच्या वयाच्या हिशेबात मंजुरीची तारीखही तितकीच मोलाची, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

अमेरिकेत २००२ साली चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट आला. अर्ज पोचल्यापासून मंजूर होईपर्यंत त्यांच्या ऑफिसने जेवढे दिवस लावले, तेवढे दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. रांगेत गेलेली वर्षं वजा होत नाहीत. इथेच गोंधळ होतो: कुणी सगळी एकोणीस वर्षं वजा करून निर्धास्त राहतो, कुणी काहीच वजा न करता आशा सोडतो. वय मोजायचं ते नंबर लागला त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला. रांग कुठवर आली ते दर महिन्याला सांगणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. मुंबईच्या कॉन्सुलेटमधून होणाऱ्या केसला त्यातला ‘फायनल अ‍ॅक्शन’चा तक्ता बघायचा, दुसरा नाही. या मुलीचं वय त्या दिवशी २५ वर्षं ३ महिने. मंजुरीला लागलेले ४ वर्षं ५ महिने. वजाबाकी केली की २० वर्षं १० महिने. नंबर आणखी तीन महिन्यांनी लागला असता तर ती केसमधून बाहेर पडली असती. पण ते वय तिथेच धरलं जायचं असेल तर नंबर लागल्यापासून एका वर्षाच्या आत तिच्यासाठी व्हिसाची फी भरलेली किंवा तिचा डीएस-२६० हा व्हिसा अर्जाचा फॉर्म गेलेला हवा. हाताशी चार महिने उरले होते.

हा हिशेब मला येतो, पण त्यावर सही करायचा अधिकार मला नाही. वकील हवा होता. आत्याचा आग्रह ‘आमच्या गावातलाच, एडिसनचा’ असा होता. इमिग्रेशन हा तिकडे केंद्राचा कायदा आहे. कुठल्याही राज्याची सनद असलेला वकील ही केस चालवू शकतो. घराजवळ असण्याचा उपयोग एवढाच की आत्याला जाऊन बसता येतं, आणि सांभाळ-हमीचा आय-८६४ फॉर्म तिचाच असल्यामुळे तिच्या टॅक्सचे कागद समोरासमोर तपासून होतात. आधी ती शेजारच्या टॅक्स भरून देणाऱ्या नोटरीकडे जाऊन आली होती. आपल्याकडे नोटरी व्हायला बरीच वर्षं वकिली केलेली असावी लागते. तिकडे सही-शिक्क्यापलीकडे नोटरीला काही अधिकार नसतो. इमिग्रेशनचा सल्ला तो देऊच शकत नाही.

आत्याने तीन नावं काढली. संध्याकाळी साडेसातला माझ्या ऑफिसातून बोलणं व्हायचं, तिकडे सकाळचे दहा. पहिल्याने फी सांगितली आणि ‘होऊन जाईल’ म्हणाला. घरात किती मुलं, कुणाचं वय काय, हे त्याने विचारलंच नाही. दुसरं ऑफिस मोठं होतं. बोलणारी बाई हुशार, पण वकील नव्हती. मी विचारलं की जी-२८ वर सही कोणाची असेल. हा फॉर्म म्हणजे आपल्याकडचं वकीलपत्र. त्यावर ज्याचं नाव तोच सरकारला जबाबदार. तिने ‘आमच्या टीममधल्या कुणाचीही’ असं उत्तर दिलं. ज्या केसमध्ये चार महिन्यांची मुदत आहे तिथे हे उत्तर मला चालण्यासारखं नव्हतं.

तिसरी वकीलबाई एकटीच काम करणारी. तिचा पहिला प्रश्न सगळ्या मुलांच्या जन्मतारखा, दुसरा मंजुरीची तारीख, तिसरा ‘कुणाचं लग्न झालंय का, ठरलंय का?’ मग तिने आमच्यासमोर कागदावर वजाबाकी केली आणि म्हणाली, खात्री देत नाही, पण मुदतीत अर्ज टाकता येईल. नंतर तिने करारपत्र पाठवलं. त्यात तिची ठरावीक फी वेगळी, सरकारी फी वेगळी: व्हिसा अर्जाचे माणशी ३२५ डॉलर आणि आय-८६४ चे १२०. काम कुठपर्यंत, तेही स्पष्ट: मुलाखतीआधी कागद तपासणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरपासून मुलाखतीच्या तयारीपर्यंत, नकार आला तर पुढचं काम वेगळ्या करारावर. माझ्या मते चांगला वकील ओळखायची जागा हीच. काय करणार नाही ते जो लिहून देतो, त्याच्या ‘करीन’वर विश्वास ठेवता येतो.

तरी नाव तपासलं. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क, दोन्ही राज्यांच्या न्यायालयांची वकिलांची यादी कुणालाही बघता येते. सनद चालू आहे की निलंबित, ते तिथे कळतं. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या इमिग्रेशन कोर्टांकडे कारवाई झालेल्या प्रतिनिधींची वेगळी यादी असते, तीही पाहिली. दहा मिनिटांचं काम आहे. लोक फ्रिज घेताना यापेक्षा जास्त चौकशी करतात.

मग माझं काम सुरू झालं. वडिलांचा जन्म १९६८ चा, गुहागर तालुक्यातल्या गावी. ग्रामपंचायतीत नोंद नाही. तहसील कार्यालयातल्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, सापडली, पण त्यात नाव नाही, फक्त ‘मुलगा’, बापाचं नाव आणि गाव. त्या काळच्या नोंदी बहुतेक अशाच. अभिलेख कक्षातल्या कारकुनाने धूळ खात तीन वर्षांची बुकं उलगडली. असे कारकून आहेत म्हणून कोकणातल्या माणसांना स्वतःचा जन्म सिद्ध करता येतो. कोतवाल बुकाची नक्कल, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, आणि नोंद उपलब्ध नसल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, असा संच केला. नवीन जन्मनोंद करायला बसलो असतो, तर एक वर्षावरच्या उशिराला जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३(३) प्रमाणे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि आत्ताच्या तारखेची नोंद बघून मुलाखतीत प्रश्न वाढतात. म्हणून ते टाळलं.

सोबत प्रतिज्ञापत्र. इथे आमच्यातलेच काही जण ‘मी अमुकला ओळखतो’ एवढंच टाइप करून देतात आणि ते तिकडे कुचकामी ठरतं. प्रतिज्ञापत्र करणारा अर्जदाराहून वयाने मोठा हवा, आणि त्याला जन्माची माहिती कशी आहे ते त्यात आलं पाहिजे. आमच्या प्रतिज्ञापत्रात बाहत्तर वर्षांच्या चुलत बहिणीने लिहिलं की बाळंतपण माजघरात झालं, सुईण कोण होती, आणि ती स्वतः पाणी तापवत होती.

दुसरा गुंता नावांचा. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात आजीचं नाव सासरचं, आत्याच्या दाखल्यात माहेरचं. लग्नात नाव बदलायची आपली रीत मुंबईच्या कॉन्सुलेटला नवी नाही, पण दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सांगणारा कागद आपणच द्यावा लागतो. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जोडलं. अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, केलं नाही, या कामाला लागतच नाही. कन्सल्टंटने त्याचे प्रत्येक कागदामागे पैसे आकारले होते.

राहिला लग्नाचा प्रश्न. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे सप्तपदी पुरी झाली की लग्न झालं, आणि कलम ८ सांगतं की नोंदणी नसली तरी लग्न वैधच राहतं. म्हणजे मांडवातून उतरलेली मुलगी डीएस-२६० वर ‘अविवाहित’ लिहील तर ते खोटं. व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली तर अमेरिकेची बंदी कायमची. आणि कोकणात पत्रिका छापून, वाजतगाजत झालेलं लग्न कुठे लपतं?

वडिलांना सगळं समजलं, पण मुलाकडच्यांना काही सांगू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं. ‘कारण काढून तारीख पुढे ढकलतो, मॅडम.’ मी त्याला विरोध केला. तो माझा अधिकार होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझे पक्षकार वडील होते. पण फॉर्म मुलीच्या नावाचा, शपथ तिची, आणि वाट बघायला लागणार होती ती त्या मुलाला. मी म्हटलं, निदान मुलीला पुढच्या बोलण्याला बसवा.

ती बसली आणि तिने नेमके प्रश्न विचारले. ‘मी गेलेच नाही तर आईबाबांचं अडेल का?’ अडणार नाही. ‘जाऊन आल्यावर लग्न केलं तर?’ करता येईल, पण नवऱ्यासाठी वेगळी पिटिशन, आणि तोवर काही वर्षं तो इथेच. ‘आत्ता लग्न केलं आणि नंतर बाबांनी मला बोलावलं तर?’ ग्रीन कार्डवरचे आईवडील विवाहित मुलीसाठी अर्ज करू शकत नाहीत. आधी त्यांना नागरिक व्हावं लागेल, मग पुन्हा लांब रांग. ही उत्तरं तिने वकीलबाईंकडून लेखी मागून घेतली, मराठीत माझ्याकडून करून घेतली आणि स्वतः मुलाच्या घरी घेऊन गेली.

सोयरीक मोडलेली नाही. हॉल सोडला, तारीख पुढे गेली. तिची फी आणि तिचा डीएस-२६० मुदत संपायच्या आधी गेला. पावती आणि सबमिशनचं पान दोन्ही छापून ठेवलंय, एक प्रत माझ्याकडे, एक आत्याकडे, आणि या वेळी पहिल्या मजल्यावर. जायचं की नाही हे तिने ठरवलेलं नाही, आणि मुलाखतीपर्यंत तिला ते ठरवायचंही नाही. मुलाखतीची तारीख आलेली नाही. आली की मुंबईत ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच मेडिकल करायचं आणि पासपोर्ट कार्यालयाचा पीसीसी, म्हणजे पोलिसांकडे गुन्हा नोंद नसल्याचा दाखला, घ्यायचा. वडील दर आठवड्याला विचारतात की मेडिकल आत्ताच उरकून टाकूया का. नको, त्याची मुदत मोजकी असते.