वाकडं पाऊल: प्लास्टर काही आठवड्यांचं, बूट चार वर्षांचे

बाळ जन्मतं, पाऊल आत वळलेलं असतं, टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे. मग घरात कुणीतरी ग्रहण काढतंच: पोटुशी असताना विळीवर काही चिरलं असेल. आईला हे ऐकवणं आधी थांबवा. चिरण्या-कापण्याशी याचा काडीचा संबंध नाही. साधारण हजारात एका बाळाला क्लबफूट, म्हणजे असं वाकडं पाऊल, असतो, मुलींपेक्षा मुलग्यांत दुप्पट, आणि जवळजवळ निम्म्या बाळांचे दोन्ही पाय तसे असतात.

दुसरी चूक म्हणजे ‘सव्वा महिना झाला की नेऊ’. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पायाचे बंध सर्वांत मऊ असतात, तेव्हाच सुरुवात करावी. हलक्या बोटाने पाऊल सरळ होत असेल तर ते पोटातल्या अवघडलेल्या ठेवणीमुळे वळलेलं असतं, आपोआप सुटतं. सरळ होतच नसेल तर तेल लावून चोळण्यात दिवस घालवू नका. उशीर झाला असेल तरी जा, मोठ्या बाळाचंही होतं, फक्त प्लास्टरं जास्त लागतात.

उपचार पोन्सेटी पद्धतीने होतो. इग्नासिओ पोन्सेटी यांनी ती अमेरिकेत आयोवामध्ये बसवली. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं फिरवायचं आणि त्या स्थितीत बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालायचं, गुडघा काटकोनात. अशी पाच-सहा प्लास्टरं लागतात. पहिल्यात अंगठ्याकडची बाजू वर उचलून तळव्याची खोल कमान उघडतात. पुढच्या प्रत्येक वेळी घोट्यापुढे बाहेरच्या बाजूला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर अंगठा टेकवून चवडा बाहेर वळवतात. टाचेला हात लावत नाहीत, ती मागोमाग येते. घाईने चवडा वर दाबला तर पाऊल मधूनच मोडतं आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो. प्लास्टर गुडघ्याखालीच घातलं तर ते घसरतं आणि कमावलेलं वळण जातं. म्हणून ‘गुडघ्यापर्यंतच घाला, बाळाला गरम होतं’ असा आग्रह धरू नका.

त्या दिवशी बाळाला भुकेलं आणा, प्लास्टर घालताना पाजा. दूध पिताना पाय सैल राहतो. घरी बोटं दर काही तासांनी बघा: दाबली की पांढरी होतात, सोडली की लगेच गुलाबी व्हायला हवीत. बोटं निळी, थंड, सुजलेली दिसली किंवा प्लास्टरमध्ये आत शिरली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. आदल्या रात्री घरी भिजवून प्लास्टर काढू नका, पाऊल तेवढ्यात मागे जातं.

शेवटी पाऊल ६०-७० अंश बाहेर वळतं, पण बहुतेक बाळांची टाच खाली येत नाही. तेव्हा जागा बधिर करून टाचेमागची दोरी बारीक छेदाने कापतात. ‘शीर कापली’ या शब्दाने घरं हादरतात. कापलेली दोरी तीन आठवड्यांत लांब होऊन जुळते. म्हणून शेवटचं प्लास्टर तीन आठवड्यांचं.

आता पाय सरळ दिसतो आणि इथेच घात होतो. वाकडेपणा परत येण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे प्लास्टर निघाल्यावर द्यायचे बूट न घालणं. एका आडव्या पट्टीला जोडलेले हे दोन बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर झोपेत १२-१४ तास, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. वाकडा पाय ६०-७० अंश बाहेर, चांगला ३०-४०, पट्टी खांद्याएवढी रुंद. चांगल्या पायाला बूट कशाला, असं विचारतात. त्या पायाचा आधार नसेल तर पट्टी वाकड्या पायाला धरून ठेवूच शकत नाही.

पहिल्या दोन रात्री बाळ रडतं, कारण दोन्ही पाय एकदम हलवायची सवय नसते. पट्टी धरून गुडघे वाकवा-सरळ करा, लवकर शिकतं. टाचेवर फोड आला की आया पट्टा सैल करतात, पण बहुतेकदा फोड येतो तो टाच आत घसरल्याने. आधी टाच खाली बसवा, मधला पट्टा घट्ट करा. फोडाला मलम लावू नका, कातडी आणखी मऊ होते. भुसावळ-जळगावच्या एप्रिल-मेमध्ये पातळ सुती मोजे घाला, घामाने ओले झाले की बदला. गरम होतं म्हणून रात्रभर बूट काढून ठेवले, तर पाऊल मागे फिरायला लागतं.

पाऊल बुटात शिरेनासं झालं, टाच टेकेना, मूल पायाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागलं, तर लगेच दाखवा. सुरुवातीलाच आलात तर बहुतेकदा दोन-तीन प्लास्टरांत काम होतं. पोटरी मात्र थोडी बारीक राहते, त्याची काळजी नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट येतो, आशाताईंना सांगा. धडगाव-अक्कलकुव्याकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत जाणाऱ्या घरांनी निघण्यापूर्वी बुटाचं माप तपासून घ्यावं आणि पुढच्या मापाची जोडी मिळत असेल तर बरोबर न्यावी. बुटाचा कोन बदलता येत असेल तर पक्क्या पेनाने पट्टीवर खूण करा, म्हणजे स्क्रू ढिला झाला तरी तिथल्या तिथे परत बसवता येतो.