तुम्ही विचारलंत म्हणून: हार्झमधली ती मेलेली झाडं

फोटो टाकला रे टाकला की प्रश्न येतो, अहो जर्मनीत राहता ना, मग सगळी झाडं वाळलेली कशी, आणि वाळलीत तर तोडत का नाहीत? परवा मामींनीही विचारलं. एकदाच सांगते.

हार्झ म्हणजे जर्मनीतला डोंगराळ रानाचा भाग, पण आपोआप उगवलेलं रान नाही हो. इथे चांदी-शिशाच्या खाणी होत्या, लाकूड लागायचं, म्हणून भराभर वाढणारा स्प्रूसच (सुईसारख्या पानांचं झाड) लावत गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी तोड झाली तेव्हाही परत तोच. मग २०१८ पासून कोरडे उन्हाळे आले. साल पोखरणारा भुंगेरा आत शिरला की झाड राळ सोडून त्याला बुडवतं, पण मुळाशी पाणीच नसेल तर राळ येणार कुठून?

आमच्या शेजारच्या आजोबांची गावाबाहेर स्प्रूसच्या रानाची छोटी पट्टी होती, त्यांच्या वडिलांनी लावलेली. २०१९ च्या जूनमध्ये ते मला घेऊन गेले, माझी नजर चांगली म्हणून. बुंध्याशी कॉफीच्या पुडीसारखा तपकिरी भुसा दिसला की समजायचं कीड आत आहे, झाड लगेच तोडून बाहेर न्यायचं. तिसऱ्या झाडापाशी मी वाकले. सालीच्या खपलीत चिमूटभर भुसा होता, बोटाला लागला. ते मागून विचारत होते, दिसतंय का गं काही? मी बोट जीन्सला पुसलं आणि नाही म्हणाले. का म्हणाले? त्यांचा चेहरा बघवला नाही, एवढंच. तीन आठवड्यांनी त्यांनी स्वतःच पाहिलं, तोवर बरीच झाडं गेली होती. आजूबाजूची सगळीच रानं किडली होती, तसंही वाचलं नसतं, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय. पटत नाही.

राहिलं तोडायचं. नॅशनल पार्कच्या आत मेलेली झाडं मुद्दाम उभी ठेवतात, त्यांच्या आडोशाने बर्च, रोवन अशी दुसरी झाडं उगवतात, आणि हे मी पूर्वी हिरिरीने सांगायचे. मग २०२२ ला ब्रॉकेनवर, म्हणजे हार्झमधल्या सगळ्यात उंच डोंगरावर, आग लागली, २०२४ ला परत, खाली शिर्कं गावातल्या लोकांना धूर दिसत होता, त्यांना काय सांगू की रोवन छान आलाय? पण म्हणून सगळं साफ करा असंही तोंडातून निघत नाही.

आजोबांनी आता बीचची झाडं लावलीत, हरणांनी खाऊ नयेत म्हणून रोपं प्लास्टिकच्या नळ्यांत. शनिवारी मी गवत काढायला जाते. तिसऱ्या झाडाचा बुंधा अजून आहे, तिकडची रांग मी त्यांच्यावर सोडते.