‘उष्णतेच्या लाटा’ या ओळीवर आबा थांबले

मी एका कॅन्सर हॉस्पिटलमधे क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, सात वर्षं झाली. पेशंटला ट्रायल, म्हणजे उपचाराची चाचणी, समजावून सांगायची, कन्सेंट म्हणजे लेखी संमती घ्यायची, फॉलोअपला बोलवायचं, हे माझं काम. आमच्याकडे प्रोस्टेट कॅन्सरचा नवा स्टडी सुरू होतोय आणि त्याच्या तयारीत मागच्या महिन्यात एक दिवस असा गेला की अजून डोक्यातून जात नाहीये.

आधी स्टडीबद्दल थोडं. प्रोस्टेटला, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीला, रेडिएशन द्यायचं तर पूर्वी 37 सीटिंग लागायच्या, म्हणजे जवळपास साडेसात आठवडे. 2016 ला इंग्लंडच्या चिप ट्रायलचे निकाल आले, 3216 पुरुष होते त्यात, आणि 20 सीटिंगमधेही तेवढाच फायदा होतो हे दिसलं. मग 2024 ला पेस-बी ट्रायल आली, 874 पेशंट, 5 सीटिंगवाल्यांपैकी 95.8 टक्के लोकांचा आजार पाच वर्षांनीही डोकं वर काढून आलेला नव्हता, नेहमीच्या रेडिएशनवाल्यांत 94.6 टक्के. पण ते सगळे कमी किंवा मध्यम धोक्याचे पेशंट होते. आपल्या ओपीडीत येणारे बरेचसे उशिरा आलेले, हाय रिस्कवाले, त्यांना 5 पुरतील का? टाटा मेमोरियलने प्राइम ट्रायल याच प्रश्नावर घेतली, आमचा स्टडीही त्याच वाटेवरचा, फक्त आम्ही लघवी, संडास, झोप, पैसा, घरची ओढाताण हेही बारकाईने विचारणार आहोत. 20 सीटिंग म्हणजे चार आठवडे, गावाकडून आलेल्या माणसाला चार आठवडे धर्मशाळेत काढावे लागतात, ते त्या 95 आणि 94 मधे कुठेच दिसत नाही.

तर कन्सेंट फॉर्म तयार झाला, मराठी भाषांतर एजन्सीकडून आलं, 14 पानं. स्टडीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत एक मेंबर डॉक्टर नसलेले, सामान्य माणसाच्या बाजूने बघणारे असतात, त्यांनी एकच विचारलं, हा पेशंटला वाचून दाखवलात का? नव्हता दाखवला. म्हणून फॉलोअपला आलेल्या तीन जुन्या पेशंटना विनंती केली की तुम्हाला ट्रायलमधे नाही घ्यायचं, फक्त फॉर्म ऐका आणि कुठे अडतंय ते सांगा.

त्यातले दुसरे आबा. जत तालुक्यातले, वय 71, ज्वारी आणि थोडं डाळिंब. मागच्या वर्षी 20 सीटिंग आमच्याकडेच झालेल्या आणि हार्मोनचं, म्हणजे पुरुषी हार्मोन बंद करणारं, इंजेक्शन दर तीन महिन्यांनी चालू. सोबत आजी आणि मुलगा.

पहिल्याच पानावर अडलं. “पुरःस्थ ग्रंथी म्हंजे कुठली?” मी म्हटलं प्रोस्टेट आबा, तुम्हाला झालाय तोच आजार. “मग तसंच ल्हिवा की, आमी बी प्रोस्टेटच म्हंतो.” पुढे “यादृच्छिक पद्धतीने वाटप”. मी सांगितलं की कोणाला 5 आणि कोणाला 20 हे डॉक्टर ठरवणार नाहीत, कॉम्प्युटर ठरवणार. आबांचा चेहरा बदलला, डॉक्टरला कळतंय तर डॉक्टरनं का ठरवू नये? मी माझं नेहमीचं सांगायला लागले की मग धडधाकट पेशंट एका बाजूला जातात वगैरे, तर मधेच तोडून म्हणाले, व्हय व्हय, नवं बी विहिरीजवळच्या वावरात टाकलं तर ते वरचढ दिसायचंच. एवढं नेमकं मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही.

प्रवासखर्चाच्या कलमात होतं, मूळ तिकीट सादर केल्यास पैसे मिळतील. आजी म्हणाल्या गावातनं तालुक्याला वडापच्या जीपनं येतो, त्याला कुठलं तिकीट?

मग आलं “मूत्राशय आरामदायी प्रमाणात भरलेले असावे”. रेडिएशनच्या वेळी ब्लॅडर भरलेलं लागतं, म्हणजे आतडं आणि ब्लॅडरचा बराचसा भाग किरणांच्या वाटेतून बाजूला राहतो, म्हणून आम्ही पाणी प्यायला लावून बसवतो. आबा खाली बघत म्हणाले, एकदा मशीन बंद पडलं होतं, दीड तास पाणी पिऊन बसलो, धरवलं नाही. बाथरूमात लेंगा धुतला आणि तसाच ओला घालून परत येऊन बसलो, नंबर जायला नको म्हणून. मी तेव्हा त्याच मजल्यावर कामाला होते आणि मला हे आज कळत होतं.

नववं पान साइड इफेक्टचं. हाय रिस्कमधे रेडिएशनबरोबर हार्मोनचं इंजेक्शन 5 आणि 20 दोन्ही गटांना द्यायचंच आहे. टेस्टोस्टेरॉन बंद केलं की हा कॅन्सर मागे हटतो हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्सनी 1941 ला दाखवलं, त्यांना 1966 ला नोबेल मिळालं, आजही उपचाराचा पाया तोच आहे. पण पुरुषाच्या शरीरातून ते हार्मोन काढून घेतल्यावर त्याचं काय होतं हे आपण मोठ्याने बोलत नाही. मी पण नाही. खरं सांगते, त्या पानावर माझा वाचायचा स्पीड आपोआप वाढतो, समोर मुलगा बसलेला, आजी बसलेल्या, मी “उष्णतेच्या लाटा जाणवणे, लैंगिक इच्छा कमी होणे, ताठरता न येणे, हाडे ठिसूळ होणे” असं एका दमात म्हणून पान उलटलं.

“परत वाच.”

मी परत वाचलं. आबांनी मुलाला चहा घेऊन यायला पाठवलं आणि तो बाहेर पडल्यावर विचारलं, “हे इंजेक्शनानं हुतं?”

आठ महिने झाले होते. रात्री छातीतून आग वर चढायची, बनियन पिळून निघेल इतका घाम यायचा आणि मग हुडहुडी. आबांची समजूत झाली होती की आजार अंगभर पसरला. घरच्यांना घोर नको म्हणून कोणाला बोलले नाहीत, अंथरूण गोठ्यात नेलं. आणि ते दुसरं, त्याचं नाव न घेता म्हणाले, त्याच्यामुळं बी तिकडंच बरं वाटायचं.

आजी इतका वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. त्या आबांकडे न बघता माझ्याशी बोलल्या. “मला वाटलं राग धरलाय. किरणांचा शेक चालू हुता तवा ज्वारी काढणीला आलती, मी मागं ऱ्हायले, म्हैनाभर एकदाच आले भेटाया. म्हटलं त्याचाच राग, म्हणून गोठ्यात निजत्यात.” आबा फक्त “न्हाई गं” म्हणाले.

मला काही बोलताच येईना. नंतर आबांची फाइल काढून बघितली. इंजेक्शन सुरू करतानाचा कन्सेंट होता, उष्णतेच्या लाटांची ओळ होती, बाकीच्याही होत्या, खाली आबांची सही, साक्षीदाराची सही, तारीख. ऑडिटला आलेल्या कुणालाही त्यात एक चूक सापडली नसती.

सरांना, म्हणजे आमच्या डॉक्टरांना, ओपीडीतून बोलावलं. दोघांना समोर बसवून शांतपणे सांगितलं की ही आग आजाराची नाही, इंजेक्शनची आहे, बहुतेकांना होते, त्यावर गोळी आहे. पीएसए, म्हणजे हा आजार किती आहे ते सांगणारी रक्ततपासणी, दाखवली, आकडा एकदम खाली आलेला. इंजेक्शन अजून किती महिने ते सांगितलं, आणि बंद झाल्यावर ताकद हळूहळू परत येऊ शकते पण या वयात पूर्ण येईलच असं नाही, हेही सांगितलं. हाडं ठिसूळ झालीत का ते बघायच्या स्कॅनची चिठ्ठी दिली, तोही राहून गेला होता. आबांनी दोनदा विचारलं, “पसरलं न्हाई न्हवं?”

त्या आठवड्यात आम्ही फॉर्म परत लिहायला बसलो. पुरःस्थ गेलं, यादृच्छिक गेलं. प्रवासाला तिकीट नसेल तर ठरावीक रक्कम. नववं पान आता असं आहे: “रात्री अचानक अंगात आग होऊन घाम सुटेल. हे इंजेक्शनमुळे होतं, कॅन्सर पसरल्यामुळे नाही. बायकोजवळ जायची इच्छा कमी होईल, जमणारही नाही. हे दोघांनाही आधी माहीत असावं.” कमिटीतल्या एका मेंबरना हे फार उघडं वाटलं, सरांनी आबांचं नाव न घेता गोष्ट सांगितली, आणि वाक्य तसंच पास झालं. हे पान आधी पेशंटला एकट्याला, पुरुष कोऑर्डिनेटरने सांगायचं आणि मग त्याची हरकत नसेल तर बायकोसोबत परत, मुलांना बाहेर बसवून, असं एसओपीमधे, म्हणजे कामाच्या लेखी नियमांत, घातलंय.

मशीन थांबलं की वेटिंगमधल्या पेशंटना लगेच सांगायचं, लघवीला जाऊ द्यायचं आणि पाण्याचा टाइम नव्याने धरायचा, हे टेक्निशियन लोकांशी बोलून ठरलंय. कोपऱ्यातल्या कपाटात चार धुतलेले लेंगे ठेवलेत. सीटीआरआय या देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत रजिस्ट्रेशन झालं, सोमवारी पहिला पेशंट आहे, बायकोला घेऊन या असं फोनवर सांगितलंय.