ग्रीन आणि ब्राऊन अनोल एकाच टँकमध्ये? माझं मत: नाहीच

अनोल, म्हणजे झाडांवर राहणारे छोटे सरडे, पाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ही हुक्की येतेच, की हिरवा आहेच आपल्याकडे, आता त्याच टँकमध्ये एक ब्राऊन सोडू, दोघंही किडेच खातात, साइजही साधारण सारखीच, मग अडतंय कुठे. आणि सुरुवातीला खरंच काही अडत नाही. मारामारी नाही, शेपटी तुटलेली नाही, हिरवा आपला वरच्या कोपऱ्यात गप बसलेला. लोक म्हणतात जमलं की यांचं! मला विचाराल तर तो गप बसलाय तिथेच गडबड आहे.

हिरवा म्हणजे अनोलिस कॅरोलिनेन्सिस, अमेरिकेच्या आग्नेय भागातला, झाडावर उंच राहायला आवडणारा. ब्राऊन म्हणजे अनोलिस साग्रेई, मूळचा क्युबा-बहामाचा, खोडाच्या बुडाशी नि जमिनीवर फिरणारा, आणि स्वभावाने भलताच दांडगा. आता कुणी म्हणेल, मग वाटणी झालीच की आपोआप, एक वर एक खाली. फ्लोरिडात झालीही तशी. ब्राऊन तिथे पसरला तसे हिरवे झाडांवर वर सरकले, आणि मॉस्किटो लगूनमधल्या छोट्या बेटांवरच्या हिरव्यांच्या बोटांखालच्या चिकट गाद्या साधारण 20 पिढ्यांत मोठ्या झाल्या (हा अभ्यास 2014 ला आला, मला तर अजूनही भारी वाटतो). पण तिथे अख्खी झाडं होती हो. टँकमध्ये वर सरकून सरकून जाणार कुठे?

शिवाय टँकमध्ये ही वाटणी आपणच मोडतो. ऊब फक्त दिव्याखाली, म्हणजे वर, त्यामुळे ब्राऊनही शेकायला तिथेच चढतो आणि चांगली फांदी पटकावून बसतो. किडे सोडले की बरेचसे खाली पळतात, खाली पुन्हा ब्राऊनचंच राज्य. मग हिरव्याने खायचं कधी आणि शेकायचं कधी?

बघायचंच असेल तर नीट बघा. हिरवा थंडीनेही तपकिरी होतो, ते ठीक, पण टँक उबदार असूनही दिवसभर तपकिरीच राहत असेल तर काहीतरी बिनसलंय. डोळ्याच्या मागे काळा डाग उठला तर तो टेन्शनमध्ये आहे, नर एकमेकांशी भिडतात तेव्हा हा डाग हमखास दिसतो. शेपटीचं बूड बारीक व्हायला लागलं, कमरेची हाडं दिसायला लागली, तर त्याला पुरेसं खायला मिळत नाहीये. पाण्याचंही तेच, वाटीतलं पाणी हे बहुतेक वेळा पीतच नाहीत, फवारा मारला की पानावरचे थेंब चाटतात, आणि दबलेला सरडा तेवढ्यासाठीसुद्धा लपलेल्या जागेतून बाहेर येत नाही.

नाइट (Knight) अनोल या मोठ्या जातीबद्दल तर बोलायलाच नको. तो दीड फुटापर्यंत वाढतो आणि छोटे सरडे सरळ खातो. ब्राऊनसुद्धा हिरव्यांची नुकती फुटलेली पिल्लं सोडत नाही. त्यात दुकानातले बरेच अनोल जंगलातून पकडलेले असतात, पोटात जंत घेऊनच येतात, त्यामुळे नवीन आणलेला निदान महिनाभर तरी वेगळा ठेवा, जात कुठलीही असो.

सोबत हवीच असेल तर एकाच जातीचा एक नर आणि दोन-तीन माद्या, टँक लांबीपेक्षा उंचीला जास्त, आत भरपूर पानं, यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा, किड्यांवर कॅल्शियम पावडर. दोन नर मात्र नकोत, एकाच जातीचे असले तरी.

आणि दोन्ही जाती पाळायच्याच असतील तर दोन टँक घ्या, शेजारी ठेवणार असाल तर मध्ये एक पुठ्ठा उभा करा. नाहीतर दोघं नर काचेपलीकडून एकमेकांना बघून दिवसभर गळ्याखालची झालर फुगवत डिप्स मारत बसतात आणि खायचं राहतं बाजूला.